पट्टा आणि पट्ठा

आपल्या मराठी भाषेत 'पट्टा' आणि 'पट्ठा' असे दोन शब्द आहेत. उच्चारात दोहोंत अंतर फार थोडे. परंतु आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहे, तो सारा विषय त्या थोड्या अंतरात सामावलेला आहे. पट्ठा म्हणजे वस्तादाच्या हाताखाली, तालमीच्या मातीत घाम गाळून तयार झालेला गडी. पट्टा म्हणजे कमरेला बांधावयाची वस्तू. कराटे, ज्यूदो, तायक्वांदो इत्यादी विद्या शिकणाऱ्या मुलामुलींच्या कमरेस प्रथम पांढरा, मग पिवळा, नारिंगी, हिरवा असे करीत करीत शेवटी काळा पट्टा बांधला जातो, हे आता शहरातील बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न असा की, हा पट्टा कोणी, कोणाला आणि कशाच्या बळावर बांधावा? पट्टा बांधणारा प्रत्येक जण पट्ठा असतो काय? आणि नसल्यास त्यात कोणाचे काय बिघडते?

मी बुलढाणा जिल्ह्यातील, मेहकर तालुक्यातील जानेफळ या गावचा. माझे सारे आयुष्य मुलांना शिकविण्यात आणि त्यांच्या परीक्षा घेण्यात गेले. मी मल्ल नव्हे. पण परीक्षा म्हणजे काय, ती कशी घेतली असता खरी होते आणि कशी घेतली असता खोटी होते, एवढे या धंद्यात राहून मला कळले आहे. त्या अनुभवाच्या आधारेच मी हा विषय हाती घेतला आहे.

आमच्या बाजूला कुस्ती नवी नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आणि गावोगावच्या जत्रांतून कुस्त्यांची दंगल भरते. अलीकडे मोठ्या गावांतून कराट्याचे वर्गही निघाले आहेत, आणि त्यांत मुलींची संख्या मोठी असते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या मातीच्या आखाड्याच्या कडेलाही पूर्वी मुलींना उभे राहू देत नसत, त्यांच्या लेकी आज मूठ वळून उभ्या राहतात, हे पाहून कोणाला आनंद होणार नाही? परंतु एखादी आई जेव्हा विचारते, "गुरुजी, दोन वर्षांत काळा पट्टा मिळतो म्हणतात, मग पोरीची काही काळजी नाही ना?" तेव्हा मात्र मनात विचार येतो. ती मुलगी संध्याकाळी बसथांब्यावरून एकटी घरी येणार. तिचा आपल्या पट्ट्यावर विश्वास बसलेला असणार. तो पट्टा खरा असला तर तिला कोठे उभे राहावे आणि कोठून निघून जावे हे दोन्ही कळेल. तो खोटा असला तर? गणितात खोटी पदवी मिळाली तर हिशेब चुकेल. या विद्येत खोटी पदवी मिळाली तर प्राणाशी गाठ आहे. बिघडते ते हे.

आता आपल्याकडे मल्लाची पायरी पूर्वी कशी ठरे ते पाहू. जत्रेतील दंगलीचा क्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना माझे म्हणणे तत्काळ पटेल. प्रथम लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. मग थोड्या रुपयांवर, मग अधिक रुपयांवर, असे चढत चढत दिवस मावळताना शेवटची मानाची कुस्ती लागते. रेवडीपासून मानाच्या कुस्तीपर्यंतचा हा जिनाच होय. या जिन्यावर कोणी प्रमाणपत्र वाटीत नाही. गेल्या वर्षी तू कोणाला चीत केलेस, एवढेच पंच विचारतात, आणि त्यावरून यंदाची जोड लावतात. पाठ मातीला लागली की लागली. हजारो डोळ्यांदेखत झालेली गोष्ट कोणाला लपविता येत नाही, आणि न झालेली कोणाला सांगता येत नाही.

मल्लांच्या पायऱ्या ठरविण्याची कल्पनाही आपल्याकडे फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोदाचे प्रकरण असून मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे तीन वर्ग सांगितले आहेत. देह, बळ आणि कौशल्य पाहून ही प्रतवारी करावी, असा त्यातील आशय आहे. वाढत्या वयाचा मल्ल आणि पूर्ण वाढलेला मल्ल यांतही तेथे भेद केला आहे. म्हणजे केवळ 'हा मोठा, तो लहान' एवढ्यावर न भागता, कोणत्या गुणामुळे मोठा, हा विचार आपल्या पूर्वजांनी नऊशे वर्षांपूर्वी केला होता.

पायरी लढून मिळवावी, या तत्त्वाचे तेज कसे असते याची दोन उदाहरणे देतो. १९१० साली गामा पहिलवान लंडनला गेला. त्याची उंची बेताची, म्हणून तेथील स्पर्धेत त्याला प्रथम प्रवेश मिळेना. त्याने कोणाच्या शिफारशीची वाट पाहिली नाही. जो कोणी समोर येईल त्याच्याशी लढतो, असे जाहीर आव्हान दिले. त्या वर्षी पोलंडच्या झिबिस्को या नामांकित मल्लाशी त्याची प्रदीर्घ कुस्ती झाली व ती बरोबरीत सुटली. पुन्हा ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळा येथे दोघे समोरासमोर आले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. अठरा वर्षे राहिलेला प्रश्न मातीनेच सोडविला.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि दया किंवा जागा न मागता पुन्हा कुस्ती मागितली, असे त्यांच्याविषयी सांगतात. ती कुस्ती जिंकून ते गेले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, घेऊन आले. श्रोतेहो, यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. अन्याय झालेल्या माणसाने मागावयाची गोष्ट पदवी नव्हे, परीक्षा होय. आणि सत्ताधाऱ्याने द्यावयाची गोष्टही तीच.

याच्या उलट उदाहरण महाभारतात आहे. राजपुत्रांच्या अस्त्रविद्येचे प्रदर्शन चालले असता कर्ण रंगभूमीवर येतो आणि अर्जुनाला आव्हान देतो. कृपाचार्य त्याला त्याचे कुळ विचारतात. कर्ण खाली मान घालतो. दुर्योधन तेथल्या तेथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. आपण ही कथा कर्णावरील अन्यायाची म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही : त्या दिवशी परीक्षा झालीच नाही. एकाने कुळ विचारून पात्रता नाकारली, दुसऱ्याने मर्जीने पदवी बहाल केली. पण दोघांत धनुर्धर कोण मोठा, हा प्रश्न तसाच राहिला आणि त्याचा निकाल अखेर कुरुक्षेत्रावर रक्ताने लागला. नाकारलेली परीक्षा आणि फुकट दिलेली पदवी ही एकाच अन्यायाची दोन तोंडे आहेत.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, "मग झाले तर! जो जिंकेल तो मोठा. पट्टे आणि परीक्षा हव्यात कशाला?" हे म्हणणे दिसते तितके सरळ नाही. एक तर, लढतीत जिंकणे आणि विद्या जाणणे या गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत. अंगाने दांडगा गडी अर्ध्या विद्येवर जिंकतो, आणि हलका गडी पूर्ण विद्या असून हरतो. दुसरे, ज्यांत समोर प्रतिस्पर्धीच नसतो अशा आपल्या विद्या आहेत. मल्लखांबाचेच पाहा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या ऊर्जितावस्थेस आणली. खांबावर चढलेल्या गड्याने कोणाला चीत करावे? लाठी, दांडपट्टा, फरीगदगा यांचे हात पाहूनच पारखावे लागतात. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे उत्तम लढणारा उत्तम शिकविणारा असतोच असे नाही. जो साठीला आला, ज्याचे गुडघे गेले, तो वस्ताद आज विशीच्या पोराकडून हरेल. म्हणून त्याची पायरी त्या पोराच्या खाली गेली काय?

तेव्हा परीक्षक लागतोच. विदर्भात या गरजेची जाण लवकर झाली. अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने नुसते पहिलवान न घडविता उन्हाळी वर्ग भरवून व्यायामशिक्षक घडविण्याचे काम हाती घेतले. १९३६ साली या मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. शिकविणाऱ्याचीही एक परीक्षा असते आणि ती लढणाऱ्याच्या परीक्षेहून निराळी असते, हा विचार आमच्या वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वीपासून रुजला आहे.

आता पट्ट्याचा उगम पाहू; कारण ज्याच्या नावाने आज इतका व्यापार चालतो, त्याचा मूळ हेतू काय होता हे जाणणे अगत्याचे आहे. जपानात जुन्या शस्त्रविद्यांच्या घराण्यांतून शिष्याला अधिकारपत्रांच्या गुंडाळ्या देण्याची चाल होती. १८८२ साली टोकियोतील एका देवळात कानो जिगोरो यांनी 'कोडोकान' नावाची शाळा काढून ज्यूदो शिकविण्यास प्रारंभ केला. कानो हे हाडाचे शिक्षक. पुढे ते शिक्षकांच्या उच्च प्रशिक्षण विद्यालयाचे प्राचार्य होते. १८८३ साली त्यांनी आपल्या दोघा शिष्यांना पहिली पायरी, म्हणजे 'शोदान', दिली. काळा पट्टा हे त्या पायरीचे चिन्ह पुढे ठरले. आजच्या पिवळ्या, नारिंगी, निळ्या पट्ट्यांची रेलचेल ही बहुतांशी नंतर युरोपात रूढ झाली. ही विद्या आपल्याकडेही लवकर आली. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी नावाच्या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात ती शिकविण्यासाठी आणले होते.

या 'शोदान' शब्दाचा अर्थ काय असावा, असे आपणास वाटते? त्याचा अर्थ आरंभाची पायरी. ज्याला आपण शेवट समजून मिठाई वाटतो, त्याला ज्यांनी ती पदवी निर्माण केली ते प्रारंभ समजत. मुळाक्षरे आली, आता वाचावयास लाग, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे सारे बिघडले कोठे? माझ्या मते ते एका ठिकाणी बिघडले. शिकविणारा, परीक्षा घेणारा, फी घेणारा आणि निकालाची जाहिरात करणारा, हे चौघे एकच झाले. शाळेत असे कधी चालेल काय? दहावीच्या मुलाची उत्तरपत्रिका त्याच्या वर्गशिक्षकाकडे तपासावयास देत नाहीत. ती दूरच्या अनोळखी शिक्षकाकडे जाते. वर्गशिक्षक लबाड असतो म्हणून हे नव्हे. तो माया करतो म्हणून, आणि त्याचा स्वतःचा मान त्या निकालात गुंतलेला असतो म्हणून. द्रोणाचार्यांसारखा आचार्य, पक्ष्याच्या डोळ्याची त्यांनी घेतलेली परीक्षा आजही आपण मुलांना सांगतो. पण त्याच द्रोणांनी एका शिष्याच्या श्रेष्ठपणासाठी एकलव्याचा अंगठा मागितला. जेथे द्रोणांची परीक्षा नि:पक्षपाती राहिली नाही, तेथे पायरीगणिक फी घेणाऱ्या वर्गचालकावर सारा भार टाकणे योग्य होईल काय?

परीक्षकावरील विश्वास ढळला म्हणजे काय होते, हे कुस्तीच्या क्षेत्रातही दिसले आहे. महाराष्ट्र केसरी ही आपल्या राज्यातील मल्लांची सर्वोच्च पदवी. १९६१ साली तिचा प्रारंभ झाला. दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात अखेरची लढत होऊन चांदीची गदा कोणाच्या खांद्यावर जावयाची ते ठरते. परंतु संघटनेत फूट पडल्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगाव येथे आणि धाराशिव येथे, अशा एकाच नावाच्या दोन स्पर्धा झाल्या आणि एका पदवीचे दोन धनी झाले. दोघेही मल्ल खरे, दोघांचाही घाम खरा. पण पदवी एकच खरी असू शकते. पुढे २०२५ साली अहिल्यानगर येथे पंचांच्या निर्णयावरून वाद विकोपास जाऊन पंचाशी गैरवर्तन झाले व मल्लांवर निलंबनाची कारवाई झाली. कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा येथे बसून करण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सरळ वाट आणि पंचाचा शब्द मानण्याचे वळण, ही दोन्ही नसतील तर सर्वोच्च पदवीदेखील डळमळते.

शिवाय आज पदवीला पोटाचीही जोड मिळाली आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. हेतू उदात्त आहे. पण बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणेही आपल्याच राज्यात उघडकीस आली. खोट्या कागदाने जी जागा अडविली, ती एखाद्या खेडेगावच्या खऱ्या खेळाडूची होती. पहाटे चारला उठून दंडबैठका मारणाऱ्या, दुधासाठी बापाला म्हैस घ्यावयास लावणाऱ्या मुलाची होती. हा केवळ कागदाचा दोष नव्हे. ही चोरी आहे.

केवळ दोष दाखवून थांबणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून पायरी कशी द्यावी, याविषयी मला सुचलेले पाच नियम आपणापुढे ठेवतो.

पहिला नियम : शिकविणाऱ्याने शिष्याला परीक्षेस बसविण्याची शिफारस करावी, पण परीक्षा दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या तालमीच्या जाणत्यांनी घ्यावी. दुसरा : परीक्षेची फी उत्तीर्ण होण्याशी निगडित नसावी. उत्तीर्णाकडून प्रमाणपत्राचे निराळे पैसे घेतले, की नापास करण्याची बुद्धीच नष्ट होते; आणि जेथे कोणी नापास होत नाही तेथे कोणी पासही होत नाही. तिसरा : परीक्षा उघड्यावर, आईबाप व गावकरी यांच्यासमोर व्हावी, आणि कोणाला कोणती पायरी कोणत्या दिवशी कोणी दिली याची वही कोणालाही पाहता यावी. जत्रेतील दंगलीचे सारे बळ या उघडेपणात आहे. चौथा : दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक काळ गेलाच पाहिजे. आंबा अढीत घालून पिकविता येतो. मनगट पिकविता येत नाही. पाचवा : लढणाऱ्याची पायरी आणि शिकविणाऱ्याची पायरी निराळ्या ठेवाव्यात. वस्तादाची परीक्षा त्याच्या पट्ठ्यांवरून घ्यावी. त्याने किती जणांना तयार केले, किती जणांची हाडे शाबूत ठेवली, आणि त्यांतील किती जण गावात मान खाली घालावयास लावणारे निघाले नाहीत, हे पाहावे.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे अधिक बोलतो. वर्तन हा विषय परीक्षेच्या बाहेरचा, असे पुष्कळांचे मत आहे. आपल्या जुन्या तालमीत तसे मत नव्हते. तेथे प्रवेश करताना मातीला हात लावून तो कपाळी लावावयाचा, आखाडा स्वतः खणावयाचा, धाकट्याला अंगावर घेऊन शिकवावयाचे. आणि बाहेर जाऊन मारामारी केली तर वस्ताद तालमीची पायरी बंद करी. बळ ही दुधारी वस्तू आहे. ती ज्याच्या हाती द्यावयाची, त्याचा राग त्याच्या ताब्यात आहे की नाही, हे न पाहता पायरी देणे म्हणजे मुलाच्या हाती म्यानाशिवाय तलवार देणे होय. दीर्घकाळ रोज डोळ्यांसमोर असलेल्या शिष्याचे वर्तन मात्र बाहेरच्या परीक्षकाला एका दिवसात कळणार नाही. म्हणून तेवढ्यापुरता गुरूचा शब्द अखेरचा मानावा : कौशल्य परक्याने पारखावे, शील घरच्याने.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला इतके कडक नियम लावले तर ते कोमेजेल. त्याला उत्तेजन नको काय? हवे. लहान मुलांना रंगीत पट्टे खुशाल द्यावेत. जत्रेत रेवड्या वाटतात त्या याचसाठी. पण रेवडी जिंकलेल्या पोराला कोणी मानाच्या कुस्तीचा मल्ल म्हणत नाही, हा विवेक आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या खेडुतांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. तोच विवेक सुशिक्षित घरांतून सुटावा, हे नवल आहे. रेवडी गोड म्हणून द्यावी. गदा जड म्हणून राखून ठेवावी.

दुसरा आक्षेप गरिबांचा. परगावचे परीक्षक बोलवावयाचे तर खर्च वाढेल, आणि मग गरिबाच्या मुलाने काय करावे? यावर माझे उत्तर असे की, दोन गावांनी एकमेकांचे वस्ताद एकमेकांकडे पाठवावेत. एस. टी. चे तिकीट आणि दुपारची भाकरी, याहून खर्च तो काय? पायरीगणिक शेकडो रुपये घेणारी छापील प्रमाणपत्रे याहून महाग पडतात.

आता अखेरीस, ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी अशा वर्गास जाते, त्या माता-पित्यांना माझी विनंती आहे. वर्गात जाऊन किती दिवसांत काळा पट्टा मिळतो, हे विचारू नका. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. गेल्या परीक्षेत किती मुले नापास झाली? परीक्षा कोणी घेतली? नापास झालेल्याला पुढे कसे शिकविले? आणि तुमचे जुने विद्यार्थी आज काय करीत आहेत? ज्या वर्गात या चार प्रश्नांची उत्तरे न अडखळता मिळतील, तेथे मुलांना निर्धास्तपणे पाठवा, मग त्या वर्गाची पाटी साधी असली तरी चालेल. आणि मूल नापास होऊन घरी आले तर त्या दिवशी त्याला रागावू नका. ज्या शिक्षकाने त्याला नापास केले, त्याने त्याला खरे सांगितले आहे. आणि उद्या अंधाऱ्या वाटेवर त्या मुलाच्या उपयोगी पडणार आहे ते हे खरे सांगणेच.

पट्टा बाजारात विकत मिळतो. पट्ठा व्हावयाला मात्र माती, घाम, काळ आणि 'अजून नाही' असे म्हणण्याचे धैर्य असलेला गुरू लागतो. असा गुरू आपल्या गावात असेल तर त्याला जपा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.